निओडिमियमच्या दोन लाटा: वितळलेल्या क्लोराइडात क्षपण एका टप्प्यात होते की दोन?

गारगोटी (धागाकर्ता)

नमस्कार. लिथियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड यांच्या युटेक्टिक (सर्वांत कमी तापमानाला वितळणाऱ्या) मिश्रणात (मोलांच्या प्रमाणात सुमारे ५९ : ४१) वजनाने साधारण १ टक्का निओडिमियम क्लोराइड विरघळवून, ५०० अंश सेल्सियस तापमानाला मी गेले काही महिने सायक्लिक व्होल्टॅमेट्री (विभव, म्हणजे अग्रावरचा विद्युतदाब, उणे दिशेला नेऊन परत आणत प्रवाह नोंदवणे) करत आहे. कार्यकारी अग्र (इलेक्ट्रोड) म्हणून टंगस्टनची १ मिलिमीटर जाडीची तार वापरतो, संदर्भ अग्र मलाइटच्या नळीतले चांदी-सिल्व्हर क्लोराइडचे आहे आणि सगळी मांडणी आर्गॉन भरलेल्या ग्लोव्ह बॉक्समध्ये आहे.

विभव उणे दिशेला नेत गेलो की धातू जमा होण्याचे ठळक शिखर दिसते, याबद्दल शंका नाही. मात्र त्याच्या साधारण ०.१ व्होल्ट आधी एक बसके, पसरट शिखर दर वेळी उगवते, आणि उलट फेरीतही एका टोकदार शिखरानंतर दुसरे गोलसर शिखर मिळते. त्रिसंयुजी (तीन धन प्रभारांचा) निओडिमियम क्षपणाने, म्हणजे इलेक्ट्रॉन घेऊन, आधी द्विसंयुजी (दोन प्रभारांचा) होतो आणि मग धातू, असे याचे स्पष्टीकरण बऱ्याच ठिकाणी वाचले. तितक्याच ठामपणे ‘तीन इलेक्ट्रॉन, एकच टप्पा’ असे लिहिलेलेही वाचले. माझा प्रश्न असा की, या छोट्या शिखराला द्विसंयुजी निओडिमियम म्हणण्याआधी मी कोणकोणत्या गोष्टी तपासून बाद करायला हव्यात?

संथविसरण

पहिला संशयित नेहमी पाणी. लिथियम क्लोराइड ओलावा इतका अधाशीपणे शोषते की बाटली उघडून बंद करेपर्यंत त्याने आपला वाटा घेतलेला असतो, आणि ते तसेच तापवले तर पाणी निमूटपणे उडून जात नाही. त्यातले काही लवणाशी अभिक्रिया करून हायड्रॉक्साइड मागे ठेवते व हायड्रोजन क्लोराइड वायू बाहेर सोडते. त्या हायड्रॉक्साइडचे क्षपण धातूच्या आधीच्या विभवाला होऊन खोटे शिखर उभे राहू शकते. निओडिमियम क्लोराइड जलयुक्त घेतले असेल तर आणखी पंचाईत, कारण ते थेट तापवल्यास ऑक्सिक्लोराइड बनते, आणि हे संयुग क्लोराइड लवणात जवळपास विरघळत नसल्याने तळाशी गाळ होऊन बसते. मग तुम्ही १ टक्का घातले असे समजता, पण प्रत्यक्षात द्रावणात किती आहे हे देवच जाणे.

म्हणून आधी सांगा : निओडिमियम घालण्यापूर्वी नुसत्या लवणाचा व्होल्टॅमोग्राम (प्रवाह-विभव आलेख) घेतला होता का, आणि तो सपाट होता का?

गारगोटी

नुसत्या लवणाचा आलेख घेतला होता. लिथियम जमा होण्याच्या टोकापर्यंत तो जवळपास सपाट होता, अगदी आदर्श मात्र नव्हता. निओडिमियम क्लोराइड निर्जल मिळाले होते, पण बाटली माझ्या आधी किती जणांनी उघडली याची नोंद नाही.

काठावरून

मी या विषयातला नाही, पण धागा आवडीने वाचतो आहे. एक बाळबोध प्रश्न विचारतो. तांब्याचा मुलामा साध्या पाण्यातल्या द्रावणातून चढवता येतो, मग या धातूंसाठी ५०० अंशांची भट्टी आणि आर्गॉनचा एवढा बडेजाव कशासाठी?

संथविसरण

प्रश्न बाळबोध नाही. या सगळ्या खटाटोपाचे मूळ तिथेच आहे. पाण्यात त्रिसंयुजी निओडिमियमचा प्रमाण विभव उणे २.३२ व्होल्ट आणि लँथॅनमचा उणे २.३८ व्होल्ट आहे, म्हणजे ते मॅग्नेशियमच्या पंगतीत बसतात. एवढ्या उणे विभवाच्या कितीतरी आधीच पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन सुटू लागतो, त्यामुळे तुमचा सगळा प्रवाह बुडबुडे काढण्यात खर्च होतो आणि अग्रावर धातूऐवजी हायड्रॉक्साइडचा लगदा जमतो. अ‍ॅल्युमिनियम पाण्यातून काढता येत नाही त्याचेही कारण हेच.

वितळलेल्या क्लोराइडात प्रोटॉनच नसतात. एका टोकाला क्लोरीन सुटेपर्यंत आणि दुसऱ्या टोकाला लिथियम जमा होईपर्यंत साडेतीन व्होल्टच्या आसपासची मोकळी खिडकी मिळते, आणि क्लोरीन अग्राच्या तुलनेत उणे ३ ते ३.२ व्होल्टच्या पट्ट्यात येणारे निओडिमियम, लँथॅनम यांसारखे बहुतेक दुर्मीळ मृदा धातू त्या खिडकीत कसेबसे मावतात. मिश्रण युटेक्टिक घेण्याचे कारण तापमान. लिथियम क्लोराइड एकटे सुमारे ६१० अंशांना आणि पोटॅशियम क्लोराइड ७७० अंशांना वितळते, पण दोघांची योग्य जोडी ३५५ अंशांच्या आसपासच द्रव होते.

काठावरून

आता उलगडा झाला, धन्यवाद. ‘दुर्मीळ’ हा शब्द मात्र खटकतो. यांतले सिरियम भूकवचात जवळपास तांब्याइतके आहे असे वाचले होते.

बखरकार

बरोबर वाचले. दुर्मीळ आहे ते त्यांचे सुटे सुटे सापडणे. सगळी भावंडे एकाच खनिजात गळ्यात गळे घालून बसलेली असतात आणि रासायनिक वागणूक इतकी सारखी की एकाला उचलावे तर दुसरा सोबत येतो. हा विषय जुना आहे हेही नोंदवतो. हिलेब्रँड आणि नॉर्टन यांनी वितळलेल्या क्लोराइडांचे विद्युत अपघटन करून सिरियम, लँथॅनम आणि ‘डिडिमियम’ हे धातू १८७५ साली मिळवले होते. त्या काळी डिडिमियम एकच मूलद्रव्य समजले जात असे. पुढे १८८५ मध्ये आउअर फॉन वेल्सबाख यांनी त्याचे प्रॅसिओडिमियम आणि निओडिमियम असे दोन तुकडे केले. म्हणजे धागाकर्त्यांचा निओडिमियम वेगळा ओळखला जाण्याच्या दहा वर्षे आधीच वितळलेल्या लवणातून धातुरूपात बाहेर आला होता, फक्त जोडीदारासह आणि दुसऱ्याच नावाने.

सातशेत्र्याहत्तर

मूळ प्रश्नाकडे येतो. शिखराच्या उंचीपेक्षा आकार जास्त बोलका असतो, आणि इथेच बरेच जण घसरतात, कारण खोलीच्या तापमानाला पाठ केलेले आकडे ते ५०० अंशांना तसेच वापरतात.

७७३ केल्विनला वायुस्थिरांक, तापमान आणि फॅराडे यांचे ते नेहमीचे गुणोत्तर (RT/F) ०.०६६६ व्होल्ट होते. २५ अंशांना ते ०.०२५७ असते. विरघळलेल्या आयनापासून विरघळलेलाच आयन बनत असेल आणि अभिक्रिया उलटसुलट सहज होत असेल, तर शिखर आणि अर्धशिखर यांच्या विभवांतील अंतर या संख्येच्या २.२ पट भागिले इलेक्ट्रॉनसंख्या इतके येते. एका इलेक्ट्रॉनसाठी ते जवळपास १४७ मिलिव्होल्ट झाले, त्यामुळे खोलीच्या तापमानाच्या सवयीतले ५७ मिलिव्होल्ट इथे शोधू नयेत. विरघळलेल्या आयनापासून घन धातू बनत असेल तर गुणक ०.७७ होतो आणि तीन इलेक्ट्रॉनांसाठी अंतर अवघे १७ मिलिव्होल्ट उरते. म्हणून धातूचे शिखर सुळक्यासारखे आणि आयन-ते-आयन शिखर टेकडीसारखे दिसायला हवे. तुमचे पहिले शिखर ‘बसके, पसरट’ आहे हे वर्णन एका इलेक्ट्रॉनच्या टप्प्याशी जुळते, निदान विसंगत नाही.

आणखी एक खबरदारी घ्यावी. शिखरप्रवाहावरून विसरणाचा (आयन द्रावणात पसरण्याचा) गुणांक काढताना दोन्ही टप्प्यांना एकच सूत्र लावू नये. आयन-ते-आयनसाठी रँडल्स-सेव्हचिक यांचे सूत्र आहे, ज्यातला गुणक ०.४४६ आहे, घन निक्षेपासाठी (धातू जमा होण्यासाठी) बर्झिन्स-डेलाहे यांचे, ज्यातला गुणक ०.६१ आहे. विसरण गुणांक प्रवाहाच्या वर्गावर अवलंबून असल्याने चुकीचे सूत्र लावले तर उत्तर जवळपास दुपटीने चुकते, आणि ते तरीही दर सेकंदाला १०⁻⁵ चौरस सेंटिमीटरच्या घरातच राहत असल्यामुळे कोणालाही संशय येत नाही.

वाकडा_प्रश्न

वरील प्रतिसाद उत्तम आहे, पण मला निष्कर्ष इतका सरळ वाटत नाही. धातूच्या मुख्य निक्षेपाआधी दिसणारे छोटे शिखर म्हणजे अग्राच्या पृष्ठभागावर पहिला अणुथर बसणे, एवढेच असू शकते. परक्या धातूवरचा पहिला थर कधी कधी पुढच्या थरांपेक्षा कमी उणे विभवाला बसतो, हे पाण्यातल्या विद्युतरसायनात सर्वांना मान्य आहे. टंगस्टन निओडिमियमशी मिश्रधातू करत नाही हे खरे असले, तरी त्यावरून पृष्ठभागावर काहीच चिकटत नाही असे सिद्ध होत नाही. आकार पसरट आहे म्हणून एक इलेक्ट्रॉन, हा युक्तिवाद तर फारच लवचिक आहे. मळकट तारेवर सगळेच पसरट दिसते.

सातशेत्र्याहत्तर

हरकत रास्त आहे, आणि तिची तपासणीही सोपी आहे. विभव बदलण्याचा वेग सेकंदाला २० मिलिव्होल्टपासून ५०० पर्यंत नेत आलेख घ्या. पृष्ठभागावर चिकटण्याचे शिखर वेगाच्या समप्रमाणात वाढते, तर विसरणाने पोसलेले शिखर वेगाच्या वर्गमुळाच्या. पंचवीसपट वेगाला एकात पंचवीसपट आणि दुसऱ्यात फक्त पाचपट वाढ अपेक्षित आहे, इतका फरक मळकट तारेवरही लपत नाही. शिवाय टंगस्टन काढून मोलिब्डेनमची तार लावावी. शिखर पृष्ठभागाचे असेल तर पृष्ठभाग बदलल्यावर ते हलेल. द्रावणातल्या आयनाचे असेल तर दोन्ही शिखरांमधले अंतर तसेच राहील.

वाकडा_प्रश्न

मान्य. या दोन्ही कसोट्या उतरल्या तर मी माझी हरकत अर्धी मागे घेईन. उरलेली अर्धी राखून ठेवतो.

समईची_वात

या चर्चेत निओडिमियमची तीन भावंडे येणे गरजेचे आहे, कारण त्यांच्यात द्विसंयुजी अवस्था वादातीत आहे : समॅरियम, युरोपियम आणि इटर्बियम. युरोपियमला दोन धन प्रभारांवर आणले की ४एफ या आतल्या इलेक्ट्रॉन-कक्षेत बरोबर सात इलेक्ट्रॉन राहतात, म्हणजे कक्षा अर्धी भरलेली. इटर्बियममध्ये चौदा, म्हणजे पूर्ण भरलेली. समॅरियम सहावर थांबतो पण अर्ध्या भरणाच्या उंबरठ्यावर असतो. त्यामुळे या तिघांचा एका इलेक्ट्रॉनचा टप्पा धातूच्या निक्षेपापासून खूप दूर, स्वच्छ आणि सुबक दिसतो. सर्वांत आधी युरोपियम, मग इटर्बियम, मग समॅरियम, हाच क्रम पाण्यातही आहे.

गंमत अशी की ही द्विसंयुजी अवस्था इतकी सुखावलेली असते की तिथून पुढे धातूपर्यंत जायला हे तिघे तयारच होत नाहीत. त्यांचे धातूत रूपांतर व्हायच्या आधी लिथियमच जमा होऊ लागतो आणि खिडकी बंद होते. शिकणाऱ्याने सुरुवात समॅरियम किंवा युरोपियमपासून करावी असे मला वाटते, कारण एका इलेक्ट्रॉनची टेकडी कशी दिसते हे एकदा डोळ्यांत बसले की निओडिमियमच्या धूसर आलेखात ती ओळखणे सोपे जाते. द्विसंयुजी निओडिमियमकडे ४एफ मध्ये चार इलेक्ट्रॉन असतात. त्याला ना अर्ध्या कक्षेचा आधार ना पूर्ण कक्षेचा, म्हणून तो आहे की नाही यावर धागे निघतात. युरोपियमवर कोणी धागा काढत नाही.

भट्टीवाला

कारखान्याच्या बाजूने थोडे लिहितो. अवांतर वाटले तरी शेवटी इथेच येऊन मिळेल.

चुंबकांसाठी लागणारा निओडिमियम आज मुख्यतः क्लोराइडातून काढला जात नाही. लिथियम फ्लोराइड आणि निओडिमियम फ्लोराइड यांच्या वितळलेल्या मिश्रणात निओडिमियमचे ऑक्साइड विरघळवून, १,०५० अंशांच्या आसपास, ग्रॅफाइटचे धनाग्र आणि टंगस्टन किंवा मोलिब्डेनमचे ऋणाग्र वापरून अपघटन करतात. धातू १,०२० अंशांच्या थोडा वर वितळत असल्याने तो द्रवरूपात ठिबकत खाली पात्रात साठतो. प्रयोगशाळेत मिळणारी लवणाने माखलेली झुडपासारखी वाढ इथे नसते, हा मोठा फायदा. ऑक्साइड मात्र त्या लवणात जेमतेम काही टक्केच विरघळते, त्यामुळे ते सतत आणि बेताने भरवावे लागते. कमी पडले की धनाग्रावर ऑक्सिजनऐवजी फ्लोरीन कार्बनशी संयोग पावू लागतो आणि कार्बन टेट्राफ्लोराइडसारखे वायू सुटतात, जे वातावरणात हजारो वर्षे टिकतात. जास्त पडले तर न विरघळलेले ऑक्साइड तळाशी चिखल करते. जेवण वाढणाऱ्याने यजमानाच्या चेहऱ्याकडे पाहत राहावे तसे इथे व्होल्टमापकाकडे पाहत राहावे लागते.

विजेचा हिशेब सोपा आहे. निओडिमियमचा अणुभार १४४ आणि इलेक्ट्रॉन तीन, म्हणून १ किलो धातूला सुमारे ५५७ अँपिअर-तास लागायला हवेत. प्रवाहाची कार्यक्षमता ७५ टक्के धरली तर ते ७४३ होतात, आणि पात्रावर १० व्होल्ट असतील तर जवळपास साडेसात युनिट. उरलेले २५ टक्के कुठे जातात, हा प्रश्न धागाकर्त्यांच्या प्रश्नाचा सख्खा भाऊ आहे. निघालेला धातू लवणातल्या त्रिसंयुजी आयनांशी पुन्हा संयोग करून द्विसंयुजी होतो आणि द्रावणात परत जातो. क्लोराइडात ही गळती फार, फ्लोराइडात कमी. समॅरियमच्या बाबतीत तर ती इतकी आहे की द्विसंयुजी आयन ऋणाग्राकडून धनाग्राकडे आणि परत अशा येरझाऱ्या घालत वीज खात राहतात आणि हाती काही लागत नाही. म्हणून समॅरियमचे ऑक्साइड लँथॅनम धातूबरोबर निर्वात भट्टीत तापवतात आणि बाष्प होऊन उडणारा समॅरियम थंड भागात धरतात.

काठावरून

म्हणजे माझ्या कानातल्या श्रवणयंत्राच्या चिमुकल्या चुंबकामागे एवढी मारामारी आहे तर. धाग्याची वाखूण साठवली आहे.

पाऱ्याचा_थेंब

भट्टीवाले यांनी कार्यक्षमतेचा मुद्दा छान जोडला. मी दुसऱ्या टोकाकडून येतो, वापरलेल्या अणुइंधनाच्या बाजूने. आयडाहो येथे ईबीआर-२ या अणुभट्टीचे धातुरूप इंधन १९९६ पासून याच लिथियम-पोटॅशियम क्लोराइडात शुद्ध केले गेले. तत्त्व असे की युरेनियम आणि दुर्मीळ मृदा धातू यांच्या विभवांत अर्ध्या व्होल्टच्या आसपास अंतर असल्याने ऋणाग्रावर युरेनियम जमा होतो आणि निओडिमियम, सिरियम वगैरे मंडळी क्लोराइड होऊन लवणातच राहतात.

अर्धा व्होल्ट पुरेसा का, तेही मोजता येते. ७७३ केल्विनला तीन इलेक्ट्रॉनांच्या अभिक्रियेत आयनाची तीव्रता दहापट घटली की विभव ५१ मिलिव्होल्टने सरकतो. एक धातू ९९.९ टक्के काढायचा म्हणजे तीव्रता हजारपट घटवायची, म्हणजे १५३ मिलिव्होल्ट. युरेनियमला ही सवड सहज मिळते. लँथॅनम आणि निओडिमियम एकमेकांपासून वेगळे करायचे म्हटले तर अक्रिय (मिश्रधातू न करणाऱ्या) अग्रावर तेवढे अंतरच नाही, दोघे हातात हात घालून खाली येतात.

इथे द्रव धातूंची अग्रे कामी येतात. कॅडमियम ३२१ अंशांना आणि बिस्मथ २७१ अंशांना वितळत असल्याने ५०० अंशांना दोन्ही द्रव असतात. निओडिमियम त्यात शिरून मिश्रधातू करतो, त्याची क्रियाशीलता (प्रभावी तीव्रता) कोसळते आणि निक्षेप कमी उणे विभवाला होऊ लागतो. क्रियाशीलता दहा लाखपट घटली तर सरकणे सहा गुणिले ५१, म्हणजे तीनशेच्या वर मिलिव्होल्ट. घन अ‍ॅल्युमिनियमच्या अग्रावर तर लिथियमच्या आधी कधीच धातू न होणारा समॅरियमसुद्धा मिश्रधातूच्या रूपाने पकडता येतो. त्याला हट्टाने बाहेर ओढण्यापेक्षा चांगले घर दाखवले की तो आपण होऊन येतो.

वाकडा_प्रश्न

घर दाखवण्याची उपमा आवडली, पण तिच्यात एक धोकाही आहे. मिश्रधातू करणाऱ्या अग्रावर प्रत्येक आंतरधातू संयुगाचे वेगळे शिखर येते, आणि चार-पाच शिखरांच्या त्या गर्दीत द्विसंयुजी अवस्थेचा शोध घेणे अशक्य होते. धागाकर्त्यांनी अक्रिय तारेलाच चिकटून राहावे.

संथविसरण

सहमत. अग्राचे क्षेत्रफळ तुम्ही कसे मोजता, हेही विचारायचे राहिले. वितळलेले लवण तारेवर चढते, त्यामुळे ‘१ सेंटिमीटर बुडवली’ म्हणजे नक्की किती ओली झाली हे बाहेरून कळत नाही. तार ठरावीक अंतराने खाली नेत प्रत्येक खोलीला प्रवाह घ्यावा आणि प्रवाहातील फरकाला खोलीतील फरकाने भागावे, म्हणजे चढलेल्या भागाची चूक आपोआप वजा होते. ५०० अंशांना मोजपट्टी आत घालून पाहणारा एक सहकारी मी पाहिला आहे. पट्टी परत आली नाही.

दशांशचिन्ह

मला वाटते, ‘एक टप्पा की दोन’ ही वादाची मांडणीच अपुरी आहे, कारण उत्तर तीव्रतेवर अवलंबून असायला हवे.

समतोल असा लिहू : तीन द्विसंयुजी आयन मिळून दोन त्रिसंयुजी आयन आणि एक धातूचा अणू. पहिल्या टप्प्याचा प्रमाण विभव दुसऱ्यापेक्षा ०.१ व्होल्टने कमी उणे आहे असे धागाकर्त्यांच्या आलेखावरून ढोबळमानाने धरले, तर ७७३ केल्विनला या समतोलाच्या स्थिरांकाचा लॉगॅरिदम उणे १.३ येतो, म्हणजे स्थिरांक सुमारे ०.०५. शिखरांचे विभव म्हणजे प्रमाण विभव नव्हेत, हे ध्यानात ठेवूनच हा आकडा घ्यावा. तो ना फार मोठा ना फार छोटा, आणि म्हणूनच त्रासदायक आहे. युरोपियममध्ये असा स्थिरांक नगण्य असतो, त्यामुळे तिथे वाद उरत नाही.

आता लक्षात घ्या की डाव्या बाजूला द्रावणातले तीन कण आहेत आणि उजव्या बाजूला दोनच, कारण धातू घनरूपात बाहेर पडतो. लवण जितके विरळ तितका समतोल डावीकडे, म्हणजे द्विसंयुजी अवस्थेच्या बाजूला झुकणार. लवणात निओडिमियम भरपूर असेल तर तो उलट दिशेला झुकणार. एकाने अर्धा टक्का घेतला आणि दुसऱ्याने आठ टक्के, आणि दोघांनी एकमेकांना चुकीचे ठरवले, तर प्रत्यक्षात दोघेही बरोबर असू शकतात. त्यात ऋणायन (लवणातला क्लोराइड किंवा फ्लोराइड) बदलला की आणखी फरक पडतो. क्लोराइडात त्रिसंयुजी निओडिमियमभोवती सहा क्लोराइड आयनांचे कडे असते. फ्लोराइड त्याला याहून घट्ट धरतो, त्रिसंयुजी अवस्था अधिक स्थिर होते आणि दोन पायऱ्या मिटून एकच उरते. लिथियम-कॅल्शियम फ्लोराइडात निओडिमियम तीन इलेक्ट्रॉनांच्या एकाच टप्प्यात उतरतो तो यामुळे. ‘एकच टप्पा’ म्हणणाऱ्यांपैकी किती जण फ्लोराइडाबद्दल बोलत होते, हे गारगोटी यांनी पुन्हा तपासून पाहावे.

समईची_वात

हा प्रतिसाद या धाग्याचा कणा आहे. थोडे व्यावहारिक जोडते. तारेवर धातू जमवा, प्रवाह तोडा आणि विभव काळानुसार कसा सरकतो ते नोंदवत राहा. जमलेला धातू त्रिसंयुजी आयनांशी संयोग करून विरघळत असेल तर विभव आधी एका पायरीवर रेंगाळेल आणि धातू संपल्यावर उडी मारून वर जाईल. द्विसंयुजी आयन खरोखर द्रावणात असतील तर वर जाताना दुसरी, आखूड पायरी दिसायला हवी. या प्रयोगात विभव बाहेरून लादलेला नसल्याने शिखरांच्या आकारावरचे आक्षेप लागू पडत नाहीत.

गारगोटी

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण सुरुवात लवणापासून पुन्हा करावी लागली.

लिथियम क्लोराइड निर्वातात टप्प्याटप्प्याने तापवून वाळवले आणि निओडिमियम क्लोराइडची नवी, सीलबंद कुपी फोडली. नुसत्या लवणाचा आलेख आता खरोखर सपाट आहे. आधीचा ‘जवळपास सपाट’ होता, आणि त्या ‘जवळपास’मध्ये काय दडले होते ते आता कळले. निओडिमियम घातल्यावर छोटे शिखर पूर्वीपेक्षा लहान झाले, पण गेले नाही. म्हणजे त्यातला काही भाग संथविसरण म्हणतात त्याप्रमाणे पाण्याचा होता, आणि मी तो सगळा निओडिमियमच्या नावावर टाकत होतो.

वेग २० पासून ५०० मिलिव्होल्टपर्यंत नेला. शिखरप्रवाह वेगाच्या वर्गमुळाशी सरळ रेषेत येतो. शिखर आणि अर्धशिखर यांतील अंतर १५५ मिलिव्होल्टच्या आसपास आहे, १४७ नव्हे, पण १७ च्या जवळपासही नाही. मोलिब्डेनमच्या तारेवर दोन शिखरांतील अंतर तेच आले. प्रवाह तोडल्यावर विभवाची लांब पायरी मिळाली आणि तिच्यामागून एक आखूड पायरी, जी मी आधी नोंदीतला गोंगाट समजून पुसून टाकली असती.

दशांशचिन्ह यांच्या सांगण्याप्रमाणे तीव्रता चौपट करून पाहिली. छोटे शिखर मुख्य शिखराच्या तुलनेत आणखी दबले आणि त्याच्या खांद्यावर जाऊन टेकले. वाचलेल्या लेखांची यादीही पुन्हा चाळली. ‘एकच टप्पा’ ठामपणे म्हणणाऱ्यांत बहुसंख्य फ्लोराइडवाले निघाले.

वाकडा_प्रश्न

ठरल्याप्रमाणे अर्धी हरकत मागे घेतो. उरलेली अर्धी अशी की विसरणाने येणारे शिखर सिद्ध झाले, एक इलेक्ट्रॉन बऱ्यापैकी सिद्ध झाला, पण तो आयन द्विसंयुजी निओडिमियमच आहे याचा थेट पुरावा अजून नाही. वितळलेल्या लवणातून प्रकाश पाठवून अपघटन चालू असताना शोषणपट बदलतो का, ते कोणीतरी पाहायला हवे. तोवर लेखात ‘द्विसंयुजी निओडिमियमशी सुसंगत’ असे लिहावे, ‘द्विसंयुजी निओडिमियम’ असे नव्हे.

गारगोटी

शब्दयोजना मान्य आहे, तशीच लिहितो. शोषणपटाची सोय माझ्याकडे नाही, म्हणून दुसरा मार्ग घेणार आहे. याच क्लोराइड लवणात लिथियम फ्लोराइड थोडे थोडे घालत जाईन आणि प्रत्येक वेळी दोन्ही शिखरांमधले अंतर मोजेन. ऋणायनाचे स्पष्टीकरण बरोबर असेल तर ती एकमेकींकडे सरकत कधीतरी एक व्हायला हवीत. पुढच्या आठवड्यात सुरुवात करतो.

भट्टीवाला

सुरुवात करण्याआधी संदर्भ अग्राची मलाइटची नळी बाहेर काढा. मलाइटमध्ये सिलिका असते आणि फ्लोराइड तिला कुरतडत जाते. विभव हळूहळू सरकेल आणि तुम्हाला वाटेल की शिखरे सरकत आहेत. बोरॉन नायट्राइडची नळी घ्या किंवा प्रत्येक फेरीत लिथियम जमा होण्याच्या टोकावरून विभव पडताळत जा.

गारगोटी

नळी काढली. बोरॉन नायट्राइडची येईपर्यंत लिथियमच्या टोकावरच भागवतो.